दाबलं की झालं कॉम्पॅक्शन?

नाशिकच्या बांधकामवाल्यांच्या ग्रुपवर आलेला मजकूर चार दिवसांत बागायतदारांच्या ग्रुपवरही पोचला: 'कॉम्पॅक्शन म्हणजे दाबून पाणी काढणं. कॉम्प्युटरमध्येही तेच, फाइल दाबून छोटी करणं. जितकं दाबाल तितकं चांगलं.'

आधी पाण्याचं. रस्त्याच्या भरावावर रोलर फिरवून माती घट्ट करतात ते कॉम्पॅक्शन, आणि त्यात निघते ती कणांमधली हवा. भरावाच्या वजनाने खालच्या ओल्या चिकणमातीतलं पाणी सावकाश, कधी वर्षानुवर्षं निघत राहतं, ते कन्सॉलिडेशन, वेगळं प्रकरण. पाणी काढायचंच असतं तर दबाईआधी टँकरने मारलं कशाला असतं? पाण्याने कण सरकतात, एकमेकांत बसतात. फार झालं की तेच पाणी जागा अडवतं आणि भरावाची माती रोलरखाली लाटेसारखी हलते. हा हिशेब १९३३ साली प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने मांडला. आपल्या प्रमाणित चाचणीत १००० घनसेंटिमीटरच्या साच्यात मातीचे तीन थर, दर थराला २.६ किलोच्या धुमसाचे २५ ठोके. पाणी वाढवत नेलं की कोरडी घनता (पाणी वगळून तेवढ्या जागेत बसलेली माती) चढते, एका टोकाला पोचते आणि उतरते. साइटवरचा जुना मुकादम एवढं करत नाही. मूठभर माती घेऊन लाडू वळतो. भुगा झाला तर पाणी कमी, हात बरबटला तर जास्त.

कॉम्प्युटरचं थोडक्यात: फाइल झिप करणं म्हणजे कॉम्प्रेशन. डेटाबेसमधलं कॉम्पॅक्शन म्हणजे जुन्या, खोडलेल्या नोंदी गाळून चालू नोंदी एकत्र लावणं. तिथे दाबत कोणीच नाही.

राहिलं 'जितकं दाबाल तितकं'. हे द्राक्षबागेत वाचलं आणि हसूच आलं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धाकाने वाफसा नसताना, म्हणजे जमीन अजून चिंब असताना, ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर आत न्यावाच लागतो. आमच्याही बागेत नेला. नंतर ट्रॅक्टरच्या चाकोरीत टिकाव मारला, तर वीतभर खाली विटेसारखा थर आणि द्राक्षाची पांढरी मुळं त्यावर आडवी वळलेली. ओळीच्या मध्यावर, जिथे चाक जात नाही, तिथे तोच टिकाव सहज रुतला. रस्त्यावर जी हवा काढायला आपण रोलरचं भाडं मोजतो, तिच्यावरच मुळं श्वास घेतात. ती घालवायला बागेत वेगळा रोलर लागत नाही, डाऊनीच्या दोन जादा फवारण्या पुरतात.