चिंता करावी, नाव घेऊ नये

गेल्या रविवारी आठवीतल्या लेकीच्या ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ला, म्हणजे शाळकरी मुलांच्या लुटुपुटीच्या राष्ट्रसंघाला, मागच्या रांगेत पालक म्हणून बसलो होतो. तिच्या अंगात भाड्याचा ब्लेझर, टेबलावर देशाच्या नावाची पाटी, विषय सुदान. तिने ठरावाच्या मसुद्यात लिहिलं होतं, की सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फूरमध्ये शस्त्रं कोण पाठवतंय त्याचं नाव घ्या आणि त्याला थांबायला सांगा. परीक्षकांनी गुण कापले. शेरा : भाषा मुत्सद्द्याला शोभणारी नाही. पहिलं बक्षीस ज्याला मिळालं त्या मुलाने ‘सर्व संबंधितांनी संयम बाळगावा’ असं सांगून एक समिती सुचवली, आणि त्या समितीवर देखरेख करायला उपसमिती.

परीक्षकांचं बरोबरच आहे. पोरांना या वयात वळण लावलं नाही, तर पुढे जिनिव्हात त्यांना उभं कोण करील? तेव्हा तमाम होतकरू मुत्सद्द्यांसाठी, आणि त्यांची फी भरणाऱ्या आईबापांसाठी, चार युक्तीच्या गोष्टी.

आधी चिंता व्यक्त करा. साधी नको, तीव्र. माणसं फारच मेली तर अतितीव्र.

शस्त्रबंदी घालायची तर बेतानं घाला. सुरक्षा परिषदेने २००४ मध्ये घातली ती दार्फूरवर, सुदानवर नव्हे. उरलेल्या देशात काय हवं ते उतरवा. मग मुदत संपत आली की ती वाढवायची, हात वर करायचे, मोकळं व्हायचं. एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले तेव्हा बंदी जागच्या जागी होती. शस्त्रंही होती.

ज्याच्याकडे बोट दाखवलं जातंय त्याला शेजारची खुर्ची द्या. युद्ध पेटलं त्या वर्षी संयुक्त अरब अमिराती परिषदेचे सदस्य होते. रॅपिड सपोर्टला तिथून शस्त्रं जातात हे आरोप विश्वासार्ह आहेत, असं राष्ट्रसंघाच्याच तज्ज्ञांनी पुढे २०२४ च्या जानेवारीत लिहिलं. अमिरातींनी साफ इन्कार केला. इन्कार आला म्हणजे विषय संपला.

सुदानमधली लढाई थांबवा म्हणणाऱ्या ठरावाला चौदा हात वर गेले तरी घाबरू नका, नकाराधिकारवाला पंधरावा पुरतो : नोव्हेंबर २०२४, रशिया.

कोर्टाची भीती असेल तर वंशसंहाराच्या करारावर सही करतानाच नववं कलम, म्हणजे तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेऊ देणारं, वगळून ठेवा. सुदानने अमिरातींवर भरलेला खटला मे २०२५ मध्ये त्यावरच निकालात निघाला. (हसू नका, त्याच कलमाला आपलाही अपवाद आहे.)

आणि सगळ्यात मोठी युक्ती : ठरावात ‘मागणी करतो’ असं लिहा आणि घरी जा. दार्फूरमधल्या एल फाशर शहराचा वेढा उठवा, अशी मागणी परिषदेने जून २०२४ मध्ये रॅपिड सपोर्टकडे केली. ठराव क्रमांक २७३६, फाइलला व्यवस्थित लावलेला. वेढा काही उठला नाही. उलट पुढच्या वर्षी शहराभोवती मातीचा बांध घातला गेला, उपग्रहाच्या फोटोंत सरळ दिसेल असा. सगळ्यांनी पाहिला. आत माणसं पेंड खात होती. शेंगदाण्याची पेंड, आपल्याकडे गोठ्यात म्हशीपुढे टाकतात ती. पुढे तीही मिळेनाशी झाली. परिषद काय करत होती? माहिती घेत होती! २६ ऑक्टोबर २०२५ ला, आपली दिवाळी नुकती आटोपली होती तेव्हा, लष्कराचा तळ पडला आणि शहर गेलं. सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक मिळून ४६० हून जास्त लोक मारले गेल्याचं वृत्त जागतिक आरोग्य संघटनेने दिलं. मारणाऱ्यांनी स्वतःच व्हिडिओ काढले. मग परिषदेचं निवेदन आलं. निषेध केला, आणि बाहेरून हस्तक्षेप करू नका असं आवाहन केलं. कुणाला? सर्व सदस्य देशांना! म्हणजे भूतानलासुद्धा.

बास झाल्या युक्त्या. अहो, शस्त्रव्यापाराचा करार २०१३ मध्ये झालाय. या मालाने युद्धगुन्हे होणार हे ठाऊक असेल तर विकू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. फ्रान्सने त्यावर सही केलीय, आणि अमिरातींत बनलेल्या ज्या चिलखती गाड्या सुदानमध्ये सापडल्या त्यांच्यावर फ्रेंच संरक्षक यंत्रणा बसवलेली अॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने दाखवून दिली. परिषदेतल्या कायमच्या पाचही खुर्च्यांवर शस्त्रांचे मोठे दुकानदार बसलेत. गिऱ्हाइकाचं नाव कोण घेणार? आपण तरी कुठले शहाणे, त्या करारावर मतदान आलं तेव्हा तटस्थ राहिलो.

आणि तुम्ही. हो, दुबईहून येताना कस्टमला चुकवत बांगड्या घालून येणारे तुम्ही. सुदानचं बहुतेक सोनं तिथेच जातं आणि त्या पैशावर दोन्हीकडच्या बंदुका चालतात. घट किती, घडणावळ किती, हे सोनाराला तीनतीनदा विचारता. सोनं कुठल्या खाणीतलं, हे एकदा तरी विचारलंत?