ओएमजी १९१७ सालचं आहे

इंटरनेटने इंग्रजीची पार वाट लावली, ही तक्रार आता ऐकवत नाही. तक्रार करणाऱ्यांचं पहिलं बोट हमखास ओएमजी, एलओएल असल्या लघुरूपांकडे जातं. तर ओएमजीची जन्मकुंडली अशी: १९१७ साली ब्रिटिश नौदलातले बुजुर्ग ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिलना पत्र लिहिलं. नव्या सरकारी किताबांची थट्टा करताना त्यात ते 'ओ.एम.जी.' लिहितात, लगेच 'ओह! माय गॉड!' असा उलगडाही करतात आणि वर दोन-दोन उद्गारचिन्हं ठोकतात. वय वर्षं ७६!

लघुरूपांचा सोस तर त्याहून जुना. तारेने बातम्या झटपट जाव्यात म्हणून अमेरिकेत १८७९ साली फिलिप्स कोड ही लघुरूपांची यादी निघाली, अमेरिकी सुप्रीम कोर्टाचं 'स्कोटस' त्यातलंच. आणि १७१० मध्ये 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वाला जोनाथन स्विफ्ट 'मॉब' (झुंड) ह्या शब्दावर उखडला होता, कारण तो एका लॅटिन शब्दप्रयोगाचं शेपूट तोडून केलेला. आज मॉब कोणाला खटकतो?

खरा बदल शब्दांत नाहीच, तो विरामचिन्हांत झालाय. चॅटवर कोणी नुसतं 'ओके' लिहिलं तर ठीक. पण 'ओके' लिहून पुढे पूर्णविराम दिला की पोटात गोळा येतो. काय बिनसलं? २०१५ साली बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. पूर्णविराम दिलेली एका शब्दाची उत्तरं वाचणाऱ्यांना कमी मनापासूनची वाटली. गंमत म्हणजे तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवली तेव्हा फरक पडला नाही. साहजिक आहे. चॅटमध्ये मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं, पूर्णविरामाला कामच उरत नाही. मग त्या रिकामटेकड्या टिंबाला नवी नोकरी मिळाली: तुटकपणा दाखवायची. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं की ओरडणं, मुद्दाम सगळं स्मॉलमध्ये लिहिलं की 'मी फार मनावर घेत नाहीये'. गप्पांच्या वेगाने लिहायचं, पण समोर ना चेहरा ना आवाज, म्हणून माणसांनी सूर चिन्हांत भरला. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी विसर्ग, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला, तोही संगणकावरच्या संदेशांतला विनोद लोकांना कळेना म्हणूनच. याला भाषा बिघडणं म्हणत असाल तर माझा नमस्कार.

(जाता जाता: 'स्ले' (कमाल करणं), 'टी' (आतली खबर), 'वोक' (अन्यायाबद्दल जागरूक) हे 'जेन झीचे', म्हणजे आजच्या तरुण पिढीचे शब्द म्हणून मिरवले जातात. ते मुळात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतले. श्रेय मात्र टिकटॉकला.)

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आतापर्यंत इंग्रजी बदललं ते माणसांनी एकमेकांसाठी. आता लोक यंत्राला घाबरून शब्द बदलतात. आत्महत्या, खून असे शब्द आले की ॲप आपला व्हिडिओ दाबून टाकतं, या समजापोटी 'अनअलाइव्ह' (शब्दशः 'अ-जिवंत' करणं) रूढ झाला. ॲपपुरतं ठीक होतं. पण २०२४ साली सिएटलच्या म्युझियम ऑफ पॉप कल्चरमध्ये आत्महत्या केलेला रॉक गायक कर्ट कोबेन याच्याविषयीच्या पाटीवर त्याने स्वतःला 'अनअलाइव्ह' केलं, असं छापलं गेलं. भिंतीवरच्या पाटीला कुठला आलाय अल्गोरिदम? बोंब झाली आणि मजकूर बदलावा लागला. मृत्यूबद्दल आडून बोलण्याची चाल जुनीच आहे, पण ती समोरच्याचं दुःख जपण्यासाठी. इथे जपायचा होता तो व्हिडिओचा रीच.

दुसरं टोक 'डेल्व्ह'चं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत हे क्रियापद एकदम उसळलं. डेल्व्ह म्हणजे मुळात खणणं, थेट प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेलं, कुदळ-फावड्याच्या घराण्यातलं. आता चांगले लिहिणारेही ते गाळतात, 'एआयकडून लिहून घेतलं' असा शिक्का नको म्हणून. लांब डॅशवरही तीच संक्रांत. मी मात्र दोन्ही वापरणार. कोणाला संशय घ्यायचा तर खुशाल घ्या.