काका, गोवा आणि सर्टिफिकेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सॅपचा (कंपनीचा माल आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कन्सल्टंट व्हायचं असेल तर कर्ज काढून कोर्स आणि सर्टिफिकेटच्या मागे लागू नका. आधी दोन वर्षं एखाद्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये किंवा अकाउंट्समध्ये काढा, परीक्षा नंतर. त्यावर ‘एसफोरगुरू’ या नावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो (ईसीसी म्हणजे सॅपची जुनी पिढी, एस-फोर म्हणजे नवी):

“काका, जमाना बदललाय. तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही म्हणून द्राक्षं आंबट. गोव्यात बसून, एका गोदामाच्या अनुभवावर पोरांचं करिअर बिघडवू नका. आज एचआर सर्टिफिकेट बघितल्याशिवाय रेझ्युमे उघडत नाही, आणि फ्रेशरला स्टोअरमध्ये घेतंय कोण? सर्टिफिकेट एकदा काढलं की आयुष्यभराचं, हे कुठून आणलंत? ईसीसी मेलंय, जागे व्हा.”

बोचलं. खोटं कशाला बोलू? दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी बायकोने वाचलं आणि ती ‘काका’वर इतकी हसली की बसलोच लिहायला.

आधी माझी चूक. सर्टिफिकेट आयुष्यभराचं नसतं, मान्य. आता ते बारा महिने चालतं आणि मुदत संपण्याआधी छोटी चाचणी देऊन चालू ठेवावं लागतं. मी जुन्या दिवसांच्या हिशेबाने लिहून गेलो. लेखात दुरुस्ती केली आहे. हेच दोन ओळींत, नीट शब्दांत सांगितलं असतंत तर आभारही मानले असते.

आता ‘काका’. माझं वय सत्तेचाळीस. आमच्या फोंड्यात अनोळखी माणसाला कुणी काका म्हणत नाही असं नाही, पण ते बसमध्ये जागा देताना. वाद घालताना काका म्हणायचं म्हणजे समोरच्याचं म्हणणं ऐकायच्या आधीच त्याला आरामखुर्चीत बसवायचं. गोव्याच्या रीतीने आदराने ‘बाब’ म्हणा, नाहीतर सरळ नावाने बोलवा. माझं नाव वर छापलेलं आहे. तुमचं नाही.

आणि “गोव्यात बसून”. हे वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं. गोव्यात बसून म्हणजे नक्की काय? शॅकमध्ये? वेर्ण्याला या कधीतरी, शिफ्ट सुटताना. औषधांचे कारखाने रांगेने उभे आहेत. कुंडईला या. माल जिथे उतरतो, ट्रकवाला चलन घेऊन जिथे खोळंबतो, तिथेच तुमचं एमएम मॉड्यूल, म्हणजे सॅपचा खरेदी आणि साठ्याचा भाग, चालतं. पुण्याच्या काचेच्या इमारतीत नव्हे.

मी ज्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो (नाव लिहीत नाही), तिथे सॅप बसवलं ते बाहेरच्या टीमने. पोरं हुशार, इंग्रजी फर्डं. सोमवारी सकाळी यायची, शुक्रवारी दुपारनंतर मन कोलव्याच्या किनाऱ्यावर. त्यांनी प्लॅन केला: ३१ ऑगस्ट २०११ ला स्टॉक मोजणी, १ सप्टेंबरला गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टम चालू. महिनाअखेर, हिशेबाला सोयीचं, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. जुनं कॅलेंडर काढून बघा, १ सप्टेंबर २०११ ला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होती. गोव्यात चवथीला कारखान्यात माणूस शोधून दाखवा! घरी भाऊ गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत होते आणि मी सॉल्व्हंट शेडमध्ये टॉर्च घेऊन ड्रम मोजत होतो. त्या टीममध्ये गोव्याचा एकही असता तर तारीख आठ दिवस पुढे गेली असती.

ही झाली तारीख. आता ड्रम.

आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ड्रमवर छापलेलं असतं नेट १६० किलो. खरेदी किलोत, बिल किलोत. प्रॉडक्शनवाले मात्र लिटरमध्ये मागतात, म्हणून मटेरियल मास्टरमध्ये (सिस्टममधल्या मालाच्या मूळ नोंदीत) बेस युनिट लिटर ठेवलं आणि किलोचं रूपांतर वेगळं भरायचं ठरलं. ते भरताना कन्सल्टंटने लिहिलं: १ किलो बरोबर १ लिटर. पाण्याला चालेल. आयपीएची घनता साधारण ०.७८६ आहे, म्हणजे १६० किलोच्या ड्रममध्ये सुमारे २०३ लिटर असतात. चाळीस ड्रम उतरले की सिस्टममध्ये ६४०० लिटर, शेडमध्ये ८१०० च्या वर. प्रॉडक्शन लिटरने उचलत राहिलं, आणि एका सकाळी रिॲक्टरसाठी माल इश्यू करायला गेलो तर स्क्रीनवर ‘डेफिसिट’. स्टॉक शून्य. माझ्यासमोर आठ भरलेले ड्रम आणि एक अर्धवट. बॅच अडकली, क्यूएचे, म्हणजे गुणवत्ता विभागाचे लोक धावत आले, जो तो माझ्याकडे चोर सापडल्यासारखा बघतोय. खरं तर माल जास्त होता, कमी नव्हता. चोराने आणून ठेवला म्हणायचं?

घोळ कुणी ओळखला? आमच्या दहावी नापास ड्रम हलवणाऱ्याने. म्हणाला, पाण्यापेक्षा हलकं आहे ते, किलोला लिटर कसं होईल? कन्सल्टंटकडे एमएमचं सर्टिफिकेट होतं, लॅपटॉपच्या पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. तो म्हणाला, मास्टर डेटा क्लायंटने द्यायचा असतो. नियमाने तो बरोबरच होता. रूपांतर सुधारून जुन्या नोंदी निस्तरायला पुढे कित्येक रात्री गेल्या, त्यात तो नव्हता, त्याचा प्रोजेक्ट संपला होता. मी होतो. त्या रात्रींत मी सॅप शिकलो. २०१२ पासून आजवर त्यावरच घर चाललंय.

एका गोदामाचा अनुभव म्हणता ना? हो, एकाच गोदामाचा. पण तो ड्रम मी हाताने उचललाय.

द्राक्षांबद्दल. २०१३ मध्ये मी परीक्षा दिली होती. ८० प्रश्न, तीन तास. कुठल्या टी-कोडमध्ये (सॅपची स्क्रीन उघडायच्या कोडमध्ये) कुठला मेनू, कुठल्या पर्यायांपैकी कुठले दोन बरोबर. फी स्वतःच्या खिशातून भरली होती, सुट्टी टाकून गेलो होतो. निकालाचा इथे संबंध नाही. आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवणाऱ्यांना मी नंतर ओबीवायसीमध्ये (मालाची नोंद कुठल्या खात्यात जाते ते ठरवणाऱ्या स्क्रीनवर) बीएसएक्स आणि डब्ल्यूआरएक्स हे कोड कशाला असतात ते समजावून दिलंय, तेही फुकट.

एचआरचा मुद्दा: एचआर काय बघतो ते एचआरला विचारा. फ्रेशरला स्टोअरमध्ये कोण घेतं, तर मला घेतलं होतं, १९९९ साली, बी.कॉम.वर. आज घेत नसतील तर त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको.

ईसीसी मेलंय म्हणता. त्याच्या शेवटच्या आवृत्त्यांचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेरपर्यंत आहे आणि जादा पैसे मोजणाऱ्यांना २०३० पर्यंत. मेलेल्यासाठी कुणी जादा पैसे मोजत नाही. एस-फोर हाना २०१५ पासून आहे, मी दोन कारखान्यांत बसवलंय, हे तुम्हाला माझ्या आधीच्या लेखांत दिसलं असतं. मालाच्या नोंदींचं एमसेग हे टेबल गेलं, मॅटडॉक आलं. सिस्टममध्ये पुरवठादाराचा ‘बिझनेस पार्टनर’ झाला. पण गेटवर माल आल्यावर मूव्हमेंट टाइप १०१ तेव्हाही होता, आजही आहे. आणि आयपीए अजूनही पाण्यापेक्षा हलकं आहे.

ज्या वाचकाने तुमच्या खाली “दोघांचंही बरोबर आहे” असं लिहिलंय, त्यांना: नाही, दोघांचं बरोबर नाही.

तुमची प्रतिक्रिया काढत नाही, राहू दे. परत लिहिलंत तर एक करा. टोल्युइनचा १८० किलोचा ड्रम घ्या, घनता ०.८६७ धरा, किती लिटर होतात ते आधी काढा आणि वरच्या ओळीत लिहा. मग सर्टिफिकेटबद्दल बोलू.