पळपुट्यांना वकील कशाला?

मल्ल्या, नीरव मोदी यांची बातमी आली की खाली ठरलेली कमेंट असतेच: ‘असल्यांना वकील कशाला? मुसक्या बांधा आणि आणा उचलून.’ चीड मलाही आहे. बँकांचा पैसा काही झाडाला लागत नाही. पण त्यांच्या प्रत्यार्पणाच्या, म्हणजे त्यांना भारताच्या ताब्यात द्यायचं की नाही याच्या सुनावण्या लंडनमध्ये चालल्या कशा, ते एकदा बघा.

मुळात तिथे माणूस दोषी आहे की नाही हे ठरतच नाही. प्रथमदर्शनी पुरावा आहे का, तो गुन्हा तिकडेही गुन्हा ठरतो का आणि परत पाठवलं तर त्याच्या मानवी हक्कांचं काय, एवढंच मुख्यतः बघतात. आणि भारताची बाजू मांडायला ब्रिटनच्या सरकारी वकिलांची यंत्रणा उभी असते. आपल्याला वकील चालतो, समोरच्याला मात्र नको?

मल्ल्याच्या वकील क्लेअर माँटगोमेरी यांनी त्याला जिथे ठेवणार होते त्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगावरच बोट ठेवलं. जुलै २०१८ मध्ये न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागवला, तोही भर दुपारी, नैसर्गिक उजेडात काढलेला. आपण तो दिला आणि डिसेंबरात प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल लागला. २०२० मध्ये हायकोर्टातही तो टिकला. (तरी स्वारी तिथेच आहे, पण ते घोडं दुसरीकडे अडलंय.) उलट बाजूचा वकील कसून भांडला म्हणूनच त्या निकालाला वजन आलं. बाकी त्याच आर्थर रोडच्या इतर बराकींत कच्चे कैदी दाटीवाटीने झोपतात, तिथे ऊन कुठवर येतं हे विचारायला कोण जातं?

जिथे आपलं उत्तर कमी पडलं तिथे माणूस हातचा गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने संजय भंडारी या शस्त्रव्यवहारातल्या सल्लागाराचं प्रत्यार्पण नाकारलं. तिहारमध्ये त्याच्याकडून धाकदपटशाने पैसे उकळले जाण्याचा खरा धोका आहे, हे त्यातलं एक कारण. यात वकिलाला काय शिव्या घालायच्या? तिहार त्याने चालवलेलं नाही.

अबू सालेमचंही तेच. फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, अशी हमी आपण पोर्तुगालला दिली तेव्हा कुठे २००५ मध्ये तो हाती लागला. पुढे मुंबईच्या टाडा कोर्टाने, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या विशेष कोर्टाने, जन्मठेप दिली. त्याच्या वकिलांनी हमीचा कागद पुढे केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, शब्द दिलाय तर पाळा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत ज्यांची माणसं गेली त्यांना हे किती लागलं असेल, याची कल्पना करता येते. पण तो शब्द मोडला असता तर पुढच्या आरोपीला कुठल्या देशाने आपल्या ताब्यात दिलं असतं?

हे झालं बड्या धेंडांचं. त्यांना लाखोंची फी परवडते. मला काळजी दुसऱ्याच माणसाची वाटते. उद्या परदेशाने आपल्याकडून कुणाला मागितलं, तर १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याखालची चौकशी बहुतेकदा दिल्लीत, पटियाला हाऊस कोर्टात चालते. तो पोरगा जालन्याचा असला तर आईबापांनी दिल्लीत वकील शोधायचा कुठे? कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलाय, उत्पन्न न बघता. पण प्राधिकरणाच्या यादीवरच्या (पॅनेलवरच्या) ज्या वकिलाने प्रत्यार्पणाचं प्रकरण कधी हाताळलेलंच नाही, तो तिथे काय लढणार? विधी सेवा प्राधिकरणाने या कामासाठी वेगळे, तयारीचे वकील नेमावेत आणि त्यांना धड फी द्यावी.