‘चूक झालीच तर कोर्ट बसलंय की!’

अमेरिकेच्या बॉर्डर पेट्रोलवरून, म्हणजे सीमेवर पहारा देणाऱ्या दलावरून, वाद पेटला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘एजंटांवर दगड पडतात, मग जीव वाचवायला ते गोळी झाडणारच. चूक झालीच तर कोर्ट बसलंय की!’ परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही आला. खाली सात अंगठे.

‘गोळी झाडणारच.’ दगडाने डोकं फुटतं, मान्य. पण या खात्यानेच जानेवारी २०१० ते ऑक्टोबर २०१२ मधली गोळीबाराची ६७ प्रकरणं बाहेरच्या पोलीस-तज्ज्ञांकडून तपासून घेतली. दगड मारणाऱ्यांवर काही एजंट निव्वळ वैतागून गोळ्या झाडतात, असं त्यांना आढळलं. मार्च २०१४ मध्ये बॉर्डर पेट्रोलच्या प्रमुखांनीच लेखी कळवलं: दगड आले तर आडोसा घ्या, बाजूला व्हा.

‘जीव वाचवायला.’ ॲरिझोना-मेक्सिको सीमेवरचं नोगालेस, १० ऑक्टोबर २०१२. कुंपण उंच कड्यावर, मेक्सिकोतला रस्ता खाली. वरून गजांमधून एका एजंटाने १६ गोळ्या झाडल्या, मध्ये थांबून पिस्तूल पुन्हा भरलं. खाली १६ वर्षांचा मुलगा मेला, बहुतेक जखमा पाठीत. बचाव दगडांचाच होता. २०१८ मध्ये दोन खटले चालले, शिक्षा झाली नाही. तरी इथे निदान खटला उभा राहिला.

आता ते कोर्ट. जून २०१०, टेक्सासमधलं एल पासो आणि मेक्सिकोतलं हुआरेझ यांच्यामधलं रिओ ग्रांदे नदीचं सिमेंटचं पात्र. मारल्या गेलेल्या मुलाच्या घरचे म्हणतात, पोरं पळत जाऊन कुंपणाला हात लावून परत यायचा खेळ खेळत होती. एजंट म्हणतो, दगड मारत होती. गोळी सुटली टेक्सासमधून, १५ वर्षांचा सर्जिओ हर्नांडेझ पडला मेक्सिकोत. न्याय खात्याने २०१२ मध्ये गुन्हा दाखल करायला नकार दिला. आईवडिलांनी भरपाईचा दावा लावला. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की सीमेपलीकडच्या अशा गोळीबारासाठी एजंटावर हा दावा चालणारच नाही, हवं तर संसदेने कायदा करावा. म्हणजे दगड होते की खेळ होता, तिथवर हा दावा पोहोचलाच नाही.

‘मग सरकारवर दावा लावा,’ असं ग्रुपवरच्या एका वकील मित्राने लिहिलं. सरकारकडून भरपाई मागायचा जो अमेरिकी कायदा आहे, त्यात परदेशात घडलेलं नुकसान वगळलेलं आहे. आणि मेक्सिकोने खटल्यासाठी सर्जिओवर गोळी झाडणाऱ्या एजंटाचा ताबा मागितला होता, तो अमेरिकेने दिला नाही.