वेकर्ले यांची वसाहतही सांगायला हवी होती

हंगेरीचे अर्थमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले शांडोर वेकर्ले यांच्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. पण 1892 च्या चलनसुधारणेला दोनच ओळी? चांदीवर आधारलेला फोरिंट हळूहळू मागे पडला आणि सोन्याच्या पायावरचा कोरोना आला, एका फोरिंटला दोन कोरोना या दराने. वर्षानुवर्षं तुटीत चाललेला अर्थसंकल्प त्यांनी आधी ताळ्यावर आणला होता, म्हणूनच हे जमलं. त्याच वर्षी ते पंतप्रधान झाले, तेही सरदार घराण्याचा वारसा नसताना. हंगेरीत असं पहिल्यांदाच घडत होतं. नागरी विवाहाचा कायदाही त्यांच्याच काळातला.

आणखी एक राहिलं. बुडापेस्टमध्ये नोकरीला असताना मी दर रविवारी शहराच्या किश्पेश्ट भागातल्या वेकर्ले वसाहतीत फिरायला जायचो. कामगारांसाठी त्यांच्या सरकारने उभारलेली ही घरं: उतरती छपरं, लाकडी कोरीवकाम, प्रत्येक घराला बागेचा तुकडा. शंभर वर्षं उलटली तरी लोक तिथे आनंदाने राहतात. अशा माणसाला 1919 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, कम्युनिस्ट राजवटीने ओलीस म्हणून तुरुंगात डांबलं, हे वाचून आजही पोटात तुटतं. लेखाचा दुसरा भाग काढलात तर वसाहतीबद्दल सविस्तर लिहा, ही विनंती.