‘सिम काढा, वायफायवर भागवा’ : हा सल्ला प्रवाशाला नडतो

परदेशी निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. घरच्या ग्रुपवर येतो, ऑफिसात मिळतो, शेजारीपाजारीही तोच देतात. त्याचा गोषवारा असा: रोमिंग म्हणजे लूट. विमानात बसण्याआधी सिम काढून ठेवा. फुकट वायफाय सगळीकडे असतं, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, मग आणखी काय हवं? ई-सिमच्या (कार्डाऐवजी इंटरनेटवरून फोनमध्ये उतरवायच्या सिमच्या) भानगडीत पडू नका, त्यात नंबर जातो. अगदीच अडलं तर तिथलं सिम घ्या, त्याहून स्वस्त काही नाही. आणि एकदा का रोमिंगचं बिल आलं, की ते मुकाट्याने भरावंच लागतं.

यामागची भीती खरी आहे. परदेशातून परतल्यावर अवाच्या सवा बिल हाती पडलेली माणसं आहेतच. पण भीती खरी म्हणून इलाज बरोबर ठरत नाही. हा सल्ला थोडे पैसे वाचवण्यासाठी माणसाला परक्या ठिकाणी संपर्काविना सोडतो, आणि तेवढेच पैसे संपर्क न तोडताही वाचतात. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘सिम काढून ठेवा.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच आहे. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आंतरराष्ट्रीय रोमिंग ही सेवा कंपनीकडून सुरू करून घ्यायची असते. ती सुरू असेल तरच परदेशातला टॉवर तुमचं सिम ओळखतो. डेटा रोमिंग हे मात्र फोनमधलं बटण आहे. ते चालू असेल तरच त्या सिमवरून परदेशात इंटरनेट वापरलं जातं. धडकी भरवणारी बिलं बहुतेकदा या दुसऱ्या गोष्टीमुळे येतात. फोन खिशात असताना फोटोंचा बॅकअप सुरू होतो, अ‍ॅप अपडेट होतात, मेल उतरतात, आणि सगळं महागड्या दराने मोजलं जातं.

म्हणजे बंद करायचं ते डेटा रोमिंग. सिम फोनमध्येच राहू द्या. रोमिंग सेवा सुरू आणि डेटा रोमिंग बंद असेल, तर त्या सिमवर एसएमएस येत राहतात. बहुतेक कंपन्या रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत; निघण्याआधी आपल्या कंपनीला विचारून खात्री करून घ्या. हा एसएमएस किती मोलाचा असतो, ते हॉटेलच्या काउंटरवर कार्ड नाकारलं गेलं की कळतं. बँक ओटीपी पाठवते तो याच नंबरवर. सिम डबीत असेल तर ओटीपी कुठे येणार? वयस्कर आई-वडिलांना हा सल्ला देऊन पाठवणाऱ्यांनी तरी याचा विचार करावा.

येणाऱ्या कॉलचं म्हणाल तर उचलला तर पैसे लागतात, न उचललेल्या कॉलला सहसा लागत नाहीत. याला एक अपवाद आहे. न उचललेला कॉल व्हॉइसमेलवर किंवा दुसऱ्या नंबरवर वळवलेला असेल, तर कॉल आधी परदेशी नेटवर्कपर्यंत येतो आणि तिथून मायदेशी परत जातो. अशा वेळी दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. निघण्याआधी डायलरवर ##००२# लावला की बहुतेक नेटवर्कवर सगळे वळवलेले कॉल एकदम रद्द होतात. दोन मिनिटांचं काम आहे, ते जरूर करा.

‘फुकट वायफाय सगळीकडे असतं.’ वायफाय चोरांचा अड्डा असतो, ही भीती मी घालणार नाही. आज बहुतेक अ‍ॅप आणि संकेतस्थळं माहिती कूटबद्ध करूनच पाठवतात. अडचण अशी, की जिथे गरज असते नेमकं तिथेच वायफाय नसतं. विमानतळाच्या आगमन कक्षात तुम्ही उभे आहात. यादीत विमानतळाचं नेटवर्क दिसतं, टिचकी मारली की पान उघडतं: मोबाइल नंबर टाका, ओटीपी पाठवतो. ओटीपी ज्या सिमवर यायचा ते सिम सल्ला ऐकून काढलेलं, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात कागदात गुंडाळलेलं. ते शोधायचं, पिनने फोनचा ट्रे उघडायचा, नखाएवढं सिम उभ्या-उभ्या बसवायचं, आणि मागे रांग. पुढे टॅक्सीचा चालक ‘कुठल्या दाराशी आहात?’ असं विचारतो तो रस्त्यावर, आणि तिथे वायफाय नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं भागतं हेही सगळीकडे खरं नाही. चीनमध्ये ते २०१७ पासून बंद आहे. संयुक्त अरब अमिरातीत मेसेज जातात, पण त्यावरच्या कॉलवर निर्बंध आहेत. चीनबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. रोमिंगवरच्या सिमचं इंटरनेट सहसा त्या सिमच्या मूळ कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतं. त्यामुळे परदेशी सिमवर तिथेही व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, पण हॉटेलच्या वायफायवर उघडत नाही.

इंटरनेटशिवाय एक गोष्ट मात्र छान चालते, ती म्हणजे नकाशा. जीपीएस उपग्रहांचे संकेत फक्त घेतं, त्याला डेटा लागत नाही. शहराचा नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेट नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसतं. वायफायवाल्यांनी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

‘रोमिंग म्हणजे लूट.’ सरसकट नाही. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमधलं रोमिंगचं जादा शुल्क काढलं आणि ही मुभा पुढे २०३२ पर्यंत वाढवली. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन त्यात आहेत, स्वित्झर्लंड नाही. म्हणजे फ्रान्समध्ये घेतलेलं सिम इटलीत मूळ दराने चालतं आणि जिनिव्हात पोचलं की हिशेब बदलू शकतो. सीमेजवळ तर फोन पलीकडचा टॉवरही पकडतो, तुम्ही अलीकडेच असलात तरी. अशा ठिकाणी सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप न निवडता हाताने निवडावं.

दिवसाच्या हिशेबाने मिळणारे पॅक दोन-तीन दिवसांच्या कामाला ठीक असतात. फक्त ‘दिवस’ कसा मोजतात ते विचारा: पहिल्या वापरापासून २४ तास, की कॅलेंडरची तारीख? तारीख असेल तर कुठल्या देशाच्या घड्याळाने? रात्री उशिरा उतरलात तर तासाभरात दोन दिवसांचे पैसे जाऊ शकतात. विमानातलं आणि क्रूझवरचं नेटवर्क तर वेगळंच. ते उपग्रहावरून चालतं आणि साध्या पॅकमध्ये सहसा बसत नाही. जहाजाने किनारा सोडला की फोन विमान मोडवर टाका आणि लागलं तर फक्त वायफाय चालू करा.

‘ई-सिममध्ये नंबर जातो.’ हे साफ खोटं आहे. ई-सिम ही फोनमधली दुसरी लाइन असते, पहिल्या सिमला ती हात लावत नाही. व्हॉट्सअ‍ॅपही जुन्याच नंबरावर चालू राहतं. नंबर बदलायचा का असं त्याने विचारलं तर ‘नको’ म्हणायचं. प्रवासी ई-सिममध्ये बहुधा फक्त डेटा असतो, स्वतःचा फोन नंबर नसतो. आपल्याला हवा असतो तोही डेटाच. तुमच्या फोनमध्ये ई-सिम चालतं का हे बघायला *#०६# लावा. पडद्यावर आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा लांब आकडा दिसला तर चालतं. फोन एखाद्या कंपनीशी लॉक केलेला, म्हणजे फक्त तिच्याच सिमवर चालणारा नसावा, एवढी अट.

लोक खरोखर फसतात ते सेटिंगमध्ये. प्रवासी ई-सिम बहुतेकदा स्वतःच रोमिंगवर चालतं, म्हणून त्या लाइनचं डेटा रोमिंग चालू लागतं. घरच्या सिमचं मात्र बंद. ‘डेटा रोमिंग बंद ठेवा’ एवढंच ऐकून गेलेला माणूस दोन्हीकडे बंद ठेवतो, ई-सिम चालत नाही, मग वैतागून दोन्हीकडे चालू करतो आणि बिल ओढवून घेतो. तेव्हा दोन्ही लाइनची नावं आधीच बदलून ‘घर’ आणि ‘प्रवास’ अशी ठेवा. मोबाइल डेटा ‘प्रवास’वर. ‘घर’चं डेटा रोमिंग बंद. गरजेप्रमाणे डेटा एका लाइनवरून दुसरीवर आपोआप जाऊ देण्याचं एक बटण असतं, तेही बंद. ई-सिम घरच्या वायफायवरच बसवून घ्या, कारण ते उतरवायलाही इंटरनेट लागतं. मुदत बसवल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून, ते आधी वाचा. एकदा बसवलेलं ई-सिम मधेच काढून टाकू नका. ज्या क्यूआर कोडने ते बसवलं, तो अनेकदा पुन्हा चालत नाही. आणि ‘अमर्याद’ लिहिलेल्या पॅकमध्ये रोजची मर्यादा ओलांडली की वेग बराच उतरतो, हे गृहीत धरूनच निवड करा.

‘तिथलं सिम सगळ्यात स्वस्त.’ एकाच देशात महिनाभर राहणार असाल तर हे बरोबर आहे, आणि मीही तेच सुचवेन. चार दिवसांत तीन देश फिरणाऱ्याला ते परवडत नाही. अनेक देशांत पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन नोंदवला नाही तर तिथल्या सिमवर १२० दिवसांनी बंद पडतो. जपानमध्ये प्रवाशांसाठीची बरीच सिम फक्त डेटाची असतात. फोन जुना असेल तर आणखी एक गोष्ट बघा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये थ्रीजी बंद केलं, त्यामुळे फोरजीवरून कॉल करण्याची सोय नसलेल्या फोनवरून तिथे कॉलच लागत नाही. आपत्कालीन ११२ सिमशिवायही सगळीकडे लागतो, असंही समजू नका. जर्मनीत २००९ पासून त्यासाठी चालू सिम लागतं.

‘बिल आलं की भरायचंच.’ युरोपीय संघात डेटा रोमिंगचं बिल कर वगळून ५० युरोवर गेलं की कंपनीला डेटा थांबवावा लागतो, ग्राहकाने स्वतः वेगळी मर्यादा मागितली नसेल तर. इतरत्रही अनेक कंपन्या मागितल्यावर खर्चाची मर्यादा घालून देतात, पण ती निघण्याआधी आणि लेखी मागावी. प्रीपेड असेल तर शिल्लक संपली की प्रश्नच मिटतो. पोहोचल्यावर डेटा रोमिंगच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि देश बदलताना कंपनीकडून आलेले दराचे एसएमएस पुसू नका. बिलाबद्दल तक्रार करायची वेळ आली, तर कुठल्या तारखेला कुठली लाइन चालू होती हे तुम्हाला पुराव्यासकट सांगता येईल.